पत्ता संस्थेतून गेला

आमच्या संस्थेत सुकेशनी कुणाची फारशी लाडकी नव्हती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. डबा खायला बसली तरी ती दाराकडं तोंड करून बसायची, म्हणजे कुणी बाई आली तर लगेच उठता यावं. बाकीच्यांना वाटायचं, निदान तेवढा अर्धा तास तरी दार लोटून घ्यावं. तिनं ते कधी लोटू दिलं नाही. त्यावरून कुरबुरी व्हायच्या, आणि ती भाकरीचा तुकडा मोडत खुशाल ऐकून घ्यायची.

मी तिथं एकोणीस वर्षं लेखनिक होते. टपाल, टायपिंग, बैठकांचं इतिवृत्त, फायलींची कपाटं, सगळं माझ्याकडं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीतलं पुष्कळसं आता आठवत नाही. पण ज्या उन्हाळ्यात संस्थेच्या कागदांवर औरंगाबाद जाऊन छत्रपती संभाजीनगर छापून आलं, त्या उन्हाळ्यात सुकेशनीनं जे केलं ते बारीकसारीक तपशिलासकट लक्षात आहे. बैठकीत बोललं गेलेलं सगळं मीच लिहून घेत होते.

संस्था शहरातल्या गारखेडा भागात. घरात मार खाणाऱ्या, घरातून काढून दिलेल्या बायका तिथं यायच्या. खाली समुपदेशनाच्या तीन खोल्या, वर बारा खाटांचा निवारा. चौदा समाजकार्यकर्ते. त्यातली सुकेशनी मेंढपाळाची मुलगी. वडील सोनाजी आणि आई बानाबाई वर्षातले आठ महिने मेंढरांमागं हिंडायचे. दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव, पण गावात घर असूनही ते तिथं पाहुण्यासारखे असायचे. पोरीला आश्रमशाळेत घातलं, पुढं ती शहरात वसतिगृहात राहून समाजकार्य शिकली. शिकली पण बोली सोडली नाही. कलेक्टर कचेरीत जरी गेली तरी ‘नाय’ आणि ‘व्हय’च.

तिला काम शिकवलं इंद्रजीतनं. इंद्रजीत पैठणकडच्या बागायतदार घरातला, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, आमचा सगळ्यात जुना समुपदेशक. बोलणं असं, की भांडत आलेली दोन घरं त्याच्या खोलीतून चहा पिऊन बाहेर पडायची. मोडलेले संसार जुळवणं ही त्याची ख्याती. माझा नवरा घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती होता तेव्हा इंद्रजीत तीन दिवस माझ्यासोबत वॉर्डाबाहेर बसला होता. प्रत्येकाकडं त्याची अशी एखादी आठवण होतीच. सुकेशनी त्याला दादा म्हणायची, तो तिला सुके म्हणायचा.

त्या वर्षी जानेवारीत मोनाली नावाची मुलगी निवाऱ्यात आली. चोवीस वर्षांची. पैठण तालुक्यातलं सासर. नवऱ्याच्या मारानं तिला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. तिची फाईल इंद्रजीतकडं होती. अडीच महिन्यांत ती सावरली, वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि जवळच रांजणगावात खोली घेऊन राहू लागली. खोलीचा पत्ता फाईलमध्ये बंद पाकिटात. तो समुपदेशकाशिवाय कुणी पाहायचा नाही असा आमच्याकडं नियम होता.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती पहिल्या पाळीला निघाली, तेव्हा दाराशी गाडी उभी होती. नवरा, चुलतसासरा आणि आणखी दोघं. तिला गाडीत घालून गावी नेलं. अकरा दिवस ती तिथं एका खोलीत कोंडलेली होती. बाराव्या दिवशी कान फारच वाहायला लागला म्हणून सासू तिला पैठणला दवाखान्यात घेऊन गेली. परत येताना स्टँडवर सासू पाण्याची बाटली घ्यायला वळली आणि मोनाली समोर सुटत असलेल्या एसटीत चढली. अंगावरच्या साडीनिशी ती आमच्या दारात आली तेव्हा सुकेशनी डबा खात होती.

पोलिसात तक्रार, दवाखाना, सगळं त्याच दिवशी सुकेशनीनं केलं. संध्याकाळी तिनं मोनालीला विचारलं की खोलीचा पत्ता कुणाकुणाला ठाऊक होता. मोनाली म्हणाली, फक्त सरांना.

दुसऱ्या दिवशी सुकेशनी इंद्रजीतच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मी शेजारीच फायली लावत होते. तिनं आडवळण घेतलं नाही. विचारलं, पत्ता तुम्ही दिला का. त्यानंही खोटं सांगितलं नाही. चुलतसासरे ओळखीचे निघाले, म्हणाला. मोठा माणूस, शब्दाचा पक्का. बसून बोलू, पोरीला मानानं नेऊ म्हणाले होते. असं काही करतील हे स्वप्नात नव्हतं. एक संसार उभा राहिला असता.

सुकेशनी तिथून निघून गेली. मला वाटलं, विषय मिटला.

मोनालीनं संस्थेकडं लेखी तक्रार दिली. डॉक्टर चुकला तर त्याची परिषद असते, वकिलाची सनद जाते. समाजकार्यकर्त्याचं तसं काही नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांनीच ठरवायचं की त्यानं केलं ते चूक, गुन्हा की नुसतीच गफलत. आमच्याकडं तिघांची चौकशी समिती असायची. संस्थापक आशाबाई, बाहेरचे एक जाणकार आणि कर्मचाऱ्यांतला एकजण. जाणकार म्हणून आप्पासाहेब, समाजकार्य महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक. शहरातले निम्मे कार्यकर्ते त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यात इंद्रजीतही आणि सुकेशनीही. कर्मचाऱ्यांतून आळीपाळीनं कुणीतरी बसायचं, आणि त्या वर्षी पाळी सुकेशनीची होती.

पहिली बैठक तासाभरात संपत आली होती. आप्पासाहेबांनी वर्गात शिकवावं तसं मांडलं. यात पैसे खाल्ले का, नाही. बाईशी गैरवर्तन केलं का, नाही. कागद खोटे केले का, नाही. मग उरतो हेतू, आणि हेतू चांगला होता. अंदाज चुकला. त्याला समज द्यावी आणि प्रकरण मिटवावं. आशाबाईंनी मान हलवली. चाळीस वर्षं त्यांनी ही संस्था अंगाखांद्यावर वाढवलेली, त्यांना बोभाटा नको होता.

सुकेशनी म्हणाली, मोनालीला बोलवायचं राहिलं.

आशाबाई म्हणाल्या की तिला पुन्हा तेच तेच सांगायला लावणं बरं नाही, तिचा अर्ज आहे ना. त्यावर सुकेशनीनं जे सांगितलं ते मी इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवलं. लहानपणी एकदा तिच्या बापाच्या मेंढरांनी कुणाचं तरी पीक खाल्लं म्हणून गावानं बैठक बसवली. माणसं देवळात बसली. सोनाजीला बाहेर चिंचेखाली उभं केलं. आत काय ठरतंय ते त्याला ऐकू येत नव्हतं. सुकेशनी त्याच्या धोतराला धरून उभी होती. दोन तासांनी एकजण बाहेर आला आणि त्यानं निकाल सांगितला.

“पीक आमच्या मेंढरांनी खाल्लंच नव्हतं,” ती म्हणाली. “पण ते सांगायला आत कुणी बोलवलंच नाय. मी हितं देवळातल्यांसारखी बसणार नाय.”

बैठक पुढं ढकलावी लागली. नेमकी पुढची तारीख आशाबाईंच्या भागात पाणी येण्याचा दिवस निघाला, म्हणून आणखी चार दिवस पुढं गेली.

मधल्या शनिवारी सगळ्या कर्मचाऱ्यांची बैठक होती. आशाबाईंना वाटलं, सर्वांचं मत घेतलं तर समितीचं ओझं हलकं होईल. सुकेशनी म्हणाली, मत मी घेते. इंद्रजीत त्या दिवशी आला नव्हता. उरलेल्या बाराजणांना तिनं कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाली, समजा असं झालं. जातीबाहेर लग्न केलेलं एक जोडपं. जीव वाचवायला कुठंतरी लपून राहिलेलं. त्यांच्या कार्यकर्त्यानं मुलीच्या भावाला त्यांचा ठिकाणा सांगितला, का तर दोन्ही घरं एक व्हावीत. भावानं येऊन मुलीला ओढून नेलं. त्या कार्यकर्त्याचं काय करावं, ते नाव न घालता लिहा.

बाराच्या बारा चिठ्ठ्यांत होतं, कामावरून काढा. दोन चिठ्ठ्यांत त्याखाली गुन्हा दाखल करा असंही लिहिलं होतं. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या. मग पुन्हा कोरे कागद वाटले आणि म्हणाली, आता इंद्रजीतदादाचं लिहा.

एक बाई म्हणाली, हे फसवणं झालं. सुकेशनी म्हणाली, मी समजा म्हणून सांगितलं होतं, दडवलं काय. दुसरी म्हणाली की त्या माणसाची आणि इंद्रजीतची बरोबरी कशी होईल, इंद्रजीतला आपण ओळखतो. सुकेशनीनं तिला विचारलं, त्या दुसऱ्यालाबी कुणी ओळखत असंल ना.

दुसऱ्यांदा नऊ चिठ्ठ्यांत समज द्यावी असं आलं. दोन कोऱ्या. एकीत, आधी लिहिलं तेच. ती चिठ्ठी कुणाची ते आजवर कळलं नाही. मी मतदानात नव्हते, पण असते तर माझी चिठ्ठी त्या नवांतली असती हे मी कबूल करते. मला वॉर्डाबाहेरचे ते तीन दिवस आठवत होते.

त्यानंतर सुकेशनीशी कुणी नीट बोलेना. तिचा डबा एकटीचा झाला. दार मात्र उघडंच राहिलं.

सोमवारी इंद्रजीतनं तिला जिन्यात गाठलं. मी वरून खाली येत होते, वळणावर थांबले. तो रागावला नव्हता. आवाजात नेहमीचीच माया होती. तो म्हणाला, “सुके, आपण एकमेकांना सांभाळूनच इथवर आलो. हर्सूलची ती भेट मी कधी काढली का?”

सुकेशनी कठड्याला धरून उभी राहिली. मग खाली निघून गेली.

हर्सूलची भेट म्हणजे काय हे मला बुधवारी कळलं. सकाळी कार्यालय उघडून मी टेबल पुसत होते तेव्हा ती आली आणि माझ्यासमोर हातानं लिहिलेला एक कागद ठेवला. नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी तिनं हर्सूलच्या एका बाईच्या घरी भेट दिल्याची नोंद केली होती. ‘परिस्थिती समाधानकारक’ असा शेराही मारला होता. प्रत्यक्षात ती गेलीच नव्हती. त्या दिवशी बापाच्या कळपात ट्रक घुसला होता, ती तिकडं धावली होती. परत आल्यावर रजा टाकायची सोडून तिनं भेट लिहून टाकली, आणि इंद्रजीतनं ठाऊक असून सही केली. त्या बाईला पुढं काही झालं नाही. होऊ शकलं असतं, असं तिनं कागदात लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की या गैरवर्तनाबद्दल माझी चौकशी व्हावी.

मी म्हटलं, अगं कुणाला आठवतंय ते, नऊ वर्षं झाली.

“दादाला आठवतंय ना,” ती म्हणाली. “ही गोष्ट त्याच्या खिशात राहिली तर मी तिथं बसून काय बोलणार? शिक्का मारा, चतुराबाई. दुपारच्या बैठकीआधी हे आशाबाईंच्या टेबलावर पायजे.”

मी आवक नोंद केली. तिनं नोंदवहीतला क्रमांक स्वतःच्या हातावर पेनानं लिहून घेतला.

दुपारी बैठक सुरू व्हायच्या आधीच आशाबाईंनी तो कागद वर काढला. म्हणाल्या की असं असेल तर सुकेशनीला दुसऱ्याचा न्याय करायचा अधिकार उरत नाही, तिनं समितीतून उतरावं. आप्पासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सुकेशनी उठून उभी राहिली.

“उतरते,” ती म्हणाली. “फक्त माझ्या जागी कोण बसणार ते सांगा. न जाता भेट लिहिली नाय असं लेखी देणारी एक बाई, नायतर एक बाप्या दाखवा. मी ह्या घडीला उठते.”

आशाबाईंनी खरंच विचारून पाहिलं. मला बाहेर पाठवलं. मी टेबलाटेबलाशी गेले. कुणी फोन घेतला, कुणी म्हणालं आज कोर्टाची तारीख आहे, एकजण सरळ म्हणाला की त्या कागदावर मी सही करणार नाही. मी परत येऊन मान हलवली. सुकेशनी खाली बसली आणि म्हणाली, माझं प्रकरण ह्याच्यानंतर घ्या, मी पळून जाणार नाय.

मग मोनाली आत आली. इंद्रजीत समोरच्या खुर्चीवर बसला होता. आप्पासाहेबांनी फार जपून विचारलं. पत्ता आणखी कुणाला दिला होतास का, आईला, मैत्रिणीला, फोनवर बोलता बोलता? ती म्हणाली, नाही. आईला तर मी शहराच्या कोणत्या बाजूला राहते तेही सांगितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली.

इंद्रजीत न राहवून बोलला. म्हणाला, बाळा, मी तुझ्या भल्यासाठीच केलं.

मोनालीनं मान वळवून उजवा कान त्याच्याकडं केला. त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, “सर, भलं मला विचारून करायचं.”

इंद्रजीतनं खाली पाहिलं. नंतर पूर्ण वेळ त्यानं मान वर केली नाही. त्याला काय वाटलं असेल हे मी सांगू शकत नाही, पण तो दगड नव्हता.

आशाबाईंनी मोनालीला विचारलं की तुला काय हवंय. तिनं सांगितलं की सरांना काय करायचं ते तुम्ही बघा. मला एक कागद पाहिजे. सासू म्हणते तूच कुणाला तरी पत्ता दिला असशील, तुलाच यायचं होतं. आता आईसुद्धा तसंच म्हणते. इथल्या एक मॅडमही तसंच म्हणाल्या. माझी चूक नव्हती, एवढं मला लिहून द्या.

निकालाचा मसुदा आप्पासाहेबांनी केला. समज द्यावी आणि सहा महिने समुपदेशनापासून दूर ठेवावं. त्याला आशाबाई राजी होत्या. सुकेशनीचं म्हणणं होतं, कामावरून काढावं. दोन विरुद्ध एक. इथवर ती थांबलीही असती. पण तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, “पत्ता अन्य मार्गानेही बाहेर गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

तिनं कागद पुढं सरकवला आणि म्हणाली, ह्याच्यावर माझी सही नाय.

आप्पासाहेब म्हणाले, हे वाक्य संस्थेच्या बचावासाठी आहे, पुढं कोर्टकचेरी झाली तर उपयोगी पडेल. सुकेशनी म्हणाली, दादानं स्वतः कबूल केलंय, मग शक्यता कसली. आशाबाईंचा आवाज चढला. त्यांनी विचारलं की उद्या हे पेपरात आलं, तर इथं कोण बाई पाऊल टाकेल, याचा तिनं विचार केलाय का.

“बाया पेपर वाचून येत नायत,” सुकेशनी म्हणाली. “आलेली बाई दुसरीला सांगती, तिथं जा म्हणून. मोनालीनं काय सांगावं?”

शेवटी आशाबाई म्हणाल्या, दोन सह्यांवर अहवाल निघतो. सुकेशनी म्हणाली, काढा. तिसरी का नाय ते मी लिहून देते. दुसऱ्या दिवशी तिनं चार पानी भिन्नमत माझ्याकडं आणून दिलं. त्यात बाराच्या बारा चिठ्ठ्यांची हकिकत होती, हर्सूलची भेट होती, आणि तळाशी लिहिलं होतं की आपण चुकीचं माप बघून शिक्षा ठरवत नाही, माणूस बघून ठरवतो, आणि मग चूक त्याच्या मापाची करून घेतो.

मला आशाबाईंच्या खोलीतून निरोप आला होता की तिचा कागद नोंदवून घेऊ नये. मी शाईचं पॅड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तोवरच्या नोकरीत मी वरून आलेला शब्द कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. शूरपणा म्हणून नव्हे. मोनाली वरच्या निवाऱ्यात होती, रोज सकाळी जिन्यावर भेटायची आणि विचारायची, कागद झाला का.

शनिवार, रविवार गेले. सोमवारी आशाबाईंनी मला बोलावलं. टेबलावर अहवाल होता. तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य त्यांनी निळ्या पेनानं खोडलं होतं, आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, “पत्ता संस्थेतून गेला. यात श्रीमती मोनाली यांची कोणतीही चूक नाही.” त्यांचं मन कशानं बदललं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की नीट टाईप कर आणि त्या पोरीचं भिन्नमत जोड मागं. मग सुकेशनीनं सही केली, शेजारी कंसात ‘शिक्षेबाबत असहमत’ असं लिहून.

तिच्या स्वतःच्या प्रकरणात तिला वर्षभराची शिक्षा झाली. प्रत्येक गृहभेटीच्या नोंदीवर दुसऱ्या कार्यकर्त्याची सही घ्यायची. सगळ्यात नवी जी मुलगी होती तिच्याकडं हे काम आलं, आणि ती बिचारी लाजून अर्धी व्हायची. सुकेशनी दर शुक्रवारी वही घेऊन तिच्यापुढं बसायची. नुसती सही करू द्यायची नाही. वाच म्हणायची, मग ज्या घरी गेले त्यांना फोन कर म्हणायची. खरं बोलणारीला वर्षभराची शिक्षा आणि पत्ता देणाऱ्याला सहा महिने टेबलावरचं काम, हा हिशेब काहींना खटकला. सुकेशनीला कुणी तसं म्हणालं की ती म्हणायची, मी भेट खोटी लिहिली होती, त्याची शिक्षा आहे, दुसऱ्याच्या शिक्षेशी मापू नका.

इंद्रजीत तीन महिन्यांनी स्वतःहून गेला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेनं त्याला बोलावलं. त्यांच्याकडून चौकशीचा फोन आला तो मी घेतला आणि आशाबाई गावाला गेल्या असल्यानं सुकेशनीला दिला. तिनं सगळं सांगितलं. गुणही सांगितले, कारण ते होते. मग मोनालीचं नाव-गाव झाकून अहवालाची प्रत पाठवली. तरीही त्यांनी त्याला घेतलं. निरोप समारंभाला शाल, नारळ, भाषणं झाली, दोघीतिघी रडल्या. मीही रडले. सुकेशनी मागं उभी होती. शेवटी तो तिच्याजवळ आला, तेव्हा ती वाकून त्याच्या पाया पडली. शिकवलं होतं त्यानं. पण दादा म्हणाली नाही, आणि त्यानंही तिला सुके म्हणून हाक मारली नाही.

मोनालीनं तिच्या कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक आईला रजिस्टर पोस्टानं पाठवली. आई पंधरा दिवसांनी आली, निवाऱ्याच्या पायरीवर बसली आणि लेकीच्या कानात औषध घालून गेली. नवऱ्यावरचा खटला अजून चालू आहे. तारखा पडतात. मोनाली आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, कुठं ते मला माहीत नाही, आणि मी विचारतही नाही.

मध्यंतरी टीव्ही सेंटरच्या बाजारात भाजी घेताना सुकेशनी भेटली. घाईत होती. आप्पासाहेबांनी तिला महाविद्यालयात बोलावलं होतं म्हणाली, व्यवसायातल्या नीतीवर बोलायला. मला नवल वाटलं. ती म्हणाली, मलापण वाटलं. वर्गात ती आधी हर्सूलबद्दल बोलली, मग चिठ्ठ्या वाटल्या. आप्पासाहेब शेवटच्या बाकावर बसले होते, ते मध्येच उठून म्हणाले की मी आजही तोच निकाल देईन, हेतूला किंमत आहे. ती म्हणाली, मीही आजही तीच सही करीन. मग दोघं मुलांपुढं वाद घालत राहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठेनात. एका मुलीनं हात वर करून विचारलं की मॅडम, तुमच्याशी मग कुणी बोलायचं का.

मी विचारलं, काय सांगितलंस.

“सांगितलं, नाय बोलायचे,” ती म्हणाली, आणि मेथीची जुडी निवडायला लागली.